आठवणीतून काढलेली सायकल

कागद-पेन घ्या आणि कुठेही न बघता एक सायकल काढा. बोलोन्याचा डिझायनर जानलुका जिमिनी २००९ पासून ओळखीच्या-अनोळखी लोकांना हेच करायला लावत होता. सुरुवात झाली बारमधल्या एका नॅपकिनवर, आणि पुढे ३७६ चित्रं जमली. काढणारे ३ ते ८८ वर्षांचे!

घोडं अडतं ते चेन आणि फ्रेमपाशी. कुणी चेन पुढच्या चाकाला जोडली, कुणी दोन्ही चाकांना. मग हँडल वळणार कसं? कितीतरी जणांनी पायडलपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणारी नळीच गाळली. अशी सायकल बसताक्षणी मोडेल.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं काम. जिमिनीने एकाचीही चूक सुधारली नाही. निवडक चित्रं जशीच्या तशी घेऊन त्याने कॉम्प्युटरवर अगदी खऱ्या वाटणाऱ्या सायकली घडवल्या. रंगाची चकाकी, टायर, सीट, सगळं इतकं नेमकं की सायकल शोरूममध्ये उभी आहे असंच वाटावं, आणि चेन मात्र पुढच्या चाकाला! २०१६ मध्ये त्याची ही 'व्हेलोसिपीडिया' नावाची मालिका जगभर गाजली. शोधून जरूर बघा, पण आधी तुमची सायकल काढा.