विंडोज १० बंद झालं, मग जुना पीसी भंगारात?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यासारख्या गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याचा जुना पीसी सुरू राहील, पण मोफत सुरक्षा अपडेटशिवाय त्यावर लोकांचे आधार नंबर टाकणं धोक्याचंच.

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा पुरते. गाडी अडते ती टीपीएम २.० आणि जुन्या प्रोसेसरपाशी. लिनक्स मिंट फुकट, २ जीबी रॅमवरही चालतं. ब्राउझरमधला सातबारा तिथंही निघतो. मात्र टॅली, श्रीलिपी विंडोजसाठीच बनलेत. अंगठ्याचं मशीन असेल तर आधी पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून बघा. हार्ड डिस्कवरचं विंडोज जागच्या जागी राहतं.