आजारपणाचे पैसे घरात वेगळे आहेत का?



मी वॉर्डात नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. एक बाई अर्धांगवायूचा झटका येऊन भरती झाली. वय चाळीसच्या आत. चार घरची धुणीभांडी करणारी. बीपीच्या गोळ्या चालू होत्या का, असं विचारलं तर तिची मुलगी म्हणाली, "सिस्टर, आईने चार महिन्यांपूर्वीच बंद केल्या. व्याज भरायचं होतं ना."

वर्षभरापूर्वी नवरा बांधकामावर परांचीवरून पडला होता. पायाचं ऑपरेशन झालं. घरात शिल्लक काही नाही. वस्तीतल्याच एकाकडून २०,००० रुपये शेकडा दहाने घेतले. म्हणजे महिन्याला २,००० रुपये नुसतं व्याज. दहा महिन्यांत तिने २०,००० रुपये भरले आणि मुद्दल जसंच्या तसं उभं राहिलं. मग तिने स्वतःच्या गोळ्या बंद केल्या. केसपेपरवर आम्ही बीपी लिहिलं, साखर लिहिली. कर्ज लिहायला तिथे रकाना नव्हता.

तिचा उजवा हात पुन्हा पूर्ण चालला नाही. कामं सुटली. म्हणून आज आरोग्याच्या पानावर पैशाबद्दल लिहिते आहे.

पहिलं काम : आजारपणाचे पैसे वेगळे

रोजावर जगणाऱ्या घराला आजारपण दोनदा लुटतं. एकदा दवाखान्याच्या खर्चाने आणि दुसऱ्यांदा बुडालेल्या रोजाने. म्हणून बचतीचं पहिलं ध्येय ठेवा ५,००० रुपये. ते झालं की एका महिन्याचा घरखर्च, मग तीन महिन्यांचा.

हे आपल्याला नवीन नाही. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग रोजच्या जगण्याला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा भाग अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायचा. आपल्याला चौथा भाग जमणार नाही, विसावा जमेल. पण तो पगार हातात आल्याच्या दिवशी बाजूला काढा. महिनाअखेरी उरेल ते ठेवू म्हटलं तर काही उरत नाही.

कुठे वाचवायचं, कुठे नाही

तंबाखू, गुटखा, दारू यांचा हिशेब एकदा कागदावर मांडा. रोज ३० रुपये म्हणजे महिन्याला ९००, वर्षाला १०,९५० रुपये. हेच ९०० रुपये पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत ६.७ टक्के व्याजाने टाकले, तर हाती सुमारे ६४,००० रुपये येतात. वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो तो वेगळा.

हळदीचा डीजे, वाढदिवसाचे बॅनर, हप्त्यावरचा महागडा मोबाईल, इथे हात आखडता घ्या. विहारात साधेपणाने लागलेलं लग्नही लग्नच असतं.

पण पोटाला चिमटा काढू नका. डाळ, अंडी, पालेभाजी, मुलांचं दूध यात कपात करून केलेली बचत दवाखान्यातच जाते. आपल्या बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि मुलांचं शिक्षण यांनाही हात लावायचा नाही. गोळ्या महाग पडत असतील तर सरकारी दवाखान्यात किंवा जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

पैसे ठेवायचे कुठे

अडचणीचे पैसे बचत खात्यात ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री काढता येतील. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते, पण ती तीन वर्षांआधी मोडता येत नाही. म्हणून ती दुसरी पायरी. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं वर्षाला २५० रुपयांपासून उघडतं. त्यापुढे लांबच्या मुदतीसाठी पीपीएफ आहे, वर्षाला किमान ५०० रुपये.

ताईंनो, खातं स्वतःच्या नावावर हवं. एटीएमचा पिन स्वतःकडे हवा. वारसाचं नाव लावलेलं हवं.

जास्त व्याजाच्या मागे लागू नका. हे मी ठेच खाऊन सांगते. एका पतसंस्थेने बँकेपेक्षा बरंच जास्त व्याज सांगितलं, म्हणून मी पहिल्या काही वर्षांची बचत तिथे टाकली. संस्था बुडाली, पैसे गेले. तेव्हा कळलं की बँकेतल्या ठेवीला विमा असतो (आता तो ५ लाखांपर्यंत आहे), पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो. दामदुप्पट सांगणाऱ्या माणसाला चहा पाजा, पैसे देऊ नका.

हक्काचं आहे ते आधी घ्या

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यादीतल्या आजारांवर, योजनेतल्या रुग्णालयात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. रुग्णालयात गेल्याबरोबर आरोग्यमित्राचं टेबल शोधा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि दोन्हींवर नाव सारखं आहे का ते आजच बघा. ऐनवेळी नावातल्या चुकीने अडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून सुरक्षा विमा मिळतो. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख. वय १८ ते ७०. परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकाकडे हा हवाच. वर्षाला ४३६ रुपयांत जीवनज्योती विमा मिळतो. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. यात १८ ते ५० वयापर्यंत सामील होता येतं. दोन्हींचे पैसे मे महिन्याच्या अखेरीस कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा. आणि विमा आहे हे घरात सांगून ठेवा. माहीतच नसेल तर मागणार कोण?

सावकाराच्या दारात असाल तर

लाजू नका आणि लपवू नका. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या कार्यालयात, लेखी तक्रार करता येते. एकट्याने जाऊ नका, गटाने जा.

आणि बचत गट सोडू नका. आमच्या गटात कर्ज शेकडा दोनने मिळतं. त्याच २०,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचं व्याज होतं ४०० रुपये, आणि तेही गटातच राहतं. आमच्याकडे आजारपणाच्या कर्जाला पहिला नंबर असतो. त्या बाईच्या गल्लीत असा गट असता तर तिच्या गोळ्या बंद झाल्या नसत्या.

या रविवारी विहारात येताना तीन वस्तू आणा : रेशनकार्ड, आधार आणि बँकेचं पासबुक. वंदना झाल्यावर शेजारी बसून एकमेकांची कागदपत्रं तपासा. नावं जुळतात का, विमा कापला जातो का, वारस लावला आहे का. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि ताई, बीपीची गोळी आज घेतली का?