नळीच्या आधीचे रंग

गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी एक विधान ठोकून दिले होते: रंगाची नळी आली आणि निसर्गचित्रकार घराबाहेर पडले. इंजिनिअरला असे कारण लगेच पटते. अवजार बदलले की काम बदलते. पुढे तारखा मांडून बसलो, तेव्हा ते टिकेना. ही त्याची दुरुस्ती.

पिळायची कथिलाची नळी जॉन रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकाराची. तिचे पेटंट १८४१ चे. पण इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८३७ मध्येच वारला होता. त्याने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला उघड्यावर बसून ढगांचे कितीतरी अभ्यास तैलरंगात केले. अनेकांच्या पाठीमागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. मला तर आमचे सर्व्हेचे फील्डबुकच आठवले!

मग रंग न्यायचे कसे? डुकराच्या मूत्राशयाच्या पुरचुंडीत. टाचणीने भोक पाडायचे, हवा तेवढा रंग पिळायचा. भोक नीट बुजत नसे, उरलेला रंग सुकून जाई. चित्र बहुधा कागदावर. तो पेटीच्या झाकणाला टाचायचा आणि पेटी मांडीवर घ्यायची. कागद पुढे कॅनव्हासवर चिकटवत.

पद्धतही ठरलेली होती. फ्रान्सच्या व्हॅलेन्सिएनने १८०० च्या सुमारास आपल्या पुस्तकात बजावले की अभ्यासाला दोन तासांहून जास्त लावू नये; सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धाच तास. कारण साधे आहे. उजेड सरकला की आधी रंगवलेल्या सावल्या खोट्या ठरतात.

मात्र हे अभ्यास लोकांना दाखवायचे नसत. कोरोने १८२६ मध्ये इटलीत नार्नीचा पडका रोमन पूल जागेवर रंगवला. पॅरिसच्या १८२७ च्या प्रदर्शनात गेले ते त्यावरून स्टुडिओत केलेले मोठे चित्र. त्यात झाडे, रस्ता सगळे नीट बसवलेले. आज पहिले लूव्हर संग्रहालयात आहे, दुसरे ओटावाला. मला विचाराल तर जीव पहिल्यात आहे.

नळीने रंग टिकू लागला, नेणे सोपे झाले, हे खरेच. पण चित्रकार त्याआधीच बाहेर बसत होते. बदलले ते पुढे: १८७४ मध्ये पॅरिसच्या इम्प्रेशनिस्टांनी उघड्यावरचे झटपट काम पूर्ण चित्र म्हणून भिंतीवर टांगले. तो बदल नळीच्या खात्यावर मांडणे ही माझी चूक होती.