'ध' चा 'मा' आणि नागरिकशास्त्राचा तास

गोदावरीकाठच्या कोपरगावात राघोबादादांचा वाडा आजही दाखवला जातो. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशवे येथे येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी त्यांचे निधन झाले. मराठी माणसाला त्यांचे नाव आठवते ते मात्र त्याआधी दहा वर्षांपूर्वी पुण्यात घडलेल्या एका घटनेमुळे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांची हत्या केली. नारायणरावांना 'धरावे' असा रघुनाथरावांचा लेखी हुकूम होता, आनंदीबाईंनी त्यातील 'ध' चा 'मा' केला आणि 'धरावे' चे 'मारावे' झाले, ही कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मजकुरात फेरफार करून अर्थाचा अनर्थ करण्याला मराठीत तेव्हापासून 'ध चा मा करणे' असेच म्हटले जाते.

प्रचार म्हणजे काय, लोकमत कसे घडते आणि त्यात नागरिकाची जबाबदारी कोणती, हे विद्यार्थ्यांना शिकवायचे असेल, तर कोपरगावच्या शिक्षकाला परदेशातील उदाहरणांपासून सुरुवात करण्याची गरज नाही. गावाशी नाते असलेली ही कथाच पहिला धडा होऊ शकते. आणि ती दोनदा शिकवता येते.

कथेचीही चौकशी

पहिल्यांदा ती जशी सांगितली जाते तशीच सांगावी. एका अक्षराच्या बदलाने माणसाचा जीव जाऊ शकतो, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसते. दुसऱ्यांदा मात्र वर्गापुढे वेगळा प्रश्न ठेवावा : असा फेरफार झाला, हे आपल्याला कशावरून कळले?

हा प्रश्न विचारताच वर्गाचे चित्र पालटते. फेरफार सिद्ध करायचा, तर मूळ चिठ्ठी हवी. ती कोणाच्या हातची, शाई एकच की दोन, ती कोणी कोणाकडे नेली, साक्षी घटनेनंतर किती दिवसांनी नोंदवल्या गेल्या, हे सारे पाहावे लागते. ही कथा लोकांच्या तोंडी आणि बखरींतून चालत आली. पुढे नाटक-सिनेमांनी तो काळ घरोघर पोहोचवला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' हे १९०९ चे नाटक आणि प्रभात फिल्म कंपनीचा १९४४ चा 'रामशास्त्री' हा चित्रपट, या दोहोंचा विषय हाच पेशवाईतील कलह. मात्र असा फेरफार केलेला कागद पुरावा म्हणून पुढे आलेला नाही. कागदपत्रांत फेरफार केल्याचा आरोप करणाऱ्या या कथेलाच कागदाचा आधार नाही.

यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : ही कथा खरी मानल्याने कोणाचा दोष कमी होतो? रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष रघुनाथरावांच्याच पदरी घातला, असे परंपरा सांगते. 'ध चा मा' ची कथा मात्र दादांना केवळ कैदेचा हुकूम देणारे ठरवते आणि खुनाचा भार त्यांच्या पत्नीवर टाकते. आनंदीबाई निर्दोष होत्या, असा याचा अर्थ नव्हे. पण दोन शतके एका स्त्रीच्या नावावर जमा झालेला आरोप कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे विचारण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याला वर्तमानपत्र वाचण्याची रीतही आपोआप सापडते.

प्रचाराचे सात प्रकार

'प्रोपगंडा' या शब्दाला आज वाईट वास येतो, पण त्याचा उगम धर्मकार्यात आहे. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी स्थापलेल्या मंडळाच्या लॅटिन नावातून तो आला. पुढे पहिल्या महायुद्धात सरकारांनी जनमत वळवण्यासाठी भित्तिपत्रके, चित्रपट आणि बातम्यांचा सर्रास वापर केल्यावर त्याला संशयाची छटा चिकटली. १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे शिक्षणतज्ज्ञ क्लाइड मिलर यांच्या पुढाकाराने प्रचाराचे विश्लेषण करणारी एक संस्था निघाली. शाळा-महाविद्यालयांना उपयोगी पडतील अशी पत्रके ही संस्था काढत असे. प्रचाराच्या सात युक्त्यांची तिची यादी आजही जगभर शिकवली जाते.

या सातही युक्त्या तालुक्याच्या गावात निवडणुकीच्या पंधरवड्यात सहज दिसतात. प्रतिस्पर्ध्याला एखादे नाव चिकटवून द्यायचे, म्हणजे त्याच्या मुद्द्याला उत्तर द्यावे लागत नाही. 'विकास', 'अस्मिता', 'स्वाभिमान' असे गोंडस शब्द वापरायचे, ज्यांना कोणी विरोध करूच शकत नाही. फलकावर महापुरुषाच्या छायाचित्राखाली स्वतःचे छायाचित्र छापून त्यांचे तेज उसने घ्यायचे. नामवंताच्या तोंडून शिफारस वदवून घ्यायची. एरवी वातानुकूलित मोटारीतून फिरणाऱ्याने प्रचारापुरते बैलगाडीत बसून 'मी तुमच्यातलाच' असे दाखवायचे. सोयीचे तेवढे आकडे पुढे करायचे आणि गैरसोयीचे झाकायचे. शेवटी, सगळे गाव आमच्याच बाजूला आहे, तुम्हीच तेवढे मागे का, असे म्हणायचे.

या संस्थेचा अनुभव मात्र शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अमेरिका महायुद्धात उतरल्यानंतर लवकरच, १९४२ मध्ये, ती बंद पडली. सगळ्यांच्या बोलण्यात युक्ती शोधायला शिकलेली मुले कशावरच विश्वास ठेवीनाशी होतात, अशी टीकाही तिच्यावर झाली. ही टीका गैरलागू नव्हती. 'सगळेच खोटे बोलतात' असे म्हणणारा तरुण सावध झालेला नसतो. तो फक्त मतदानाला जाण्याचे टाळतो. म्हणून युक्त्या ओळखणे हा धड्याचा अर्धाच भाग होय.

'हक्काचे पाणी' कोणाचे?

उरलेला अर्धा भाग शिकवण्यासाठी कोपरगावात पाण्यासारखा विषय नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांवर या परिसरातील शेती पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. त्याच नदीवर खाली पैठणला जायकवाडीचे धरण आहे. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाची एकूण साठवण क्षमता १०० टीएमसीहून अधिक आहे. पावसाने ओढ दिली, की वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे की नाही, यावरून मोर्चे निघतात, रास्ता रोको होतो आणि न्यायालयात याचिका दाखल होतात.

अशा वेळी कोपरगावातील फलकावर 'आमचे हक्काचे पाणी' असे शब्द असतात आणि पैठणकडील फलकावरही नेमके तेच शब्द असतात. विद्यार्थ्यांना ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहायला सांगावीत. एकच वाक्य परस्परविरोधी दोन मागण्यांसाठी वापरले जाते, याचा अर्थ त्या वाक्यात माहिती नाही, केवळ भावना आहे. भावना खोटी नाही. कोरडी पडलेली विहीर दोन्हीकडे खरी आहे. परंतु निर्णयासाठी भावनेच्या पलीकडे जावे लागते.

पलीकडे गेल्यावर काय सापडते? महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ सापडतो. खोऱ्यातील टंचाईची झळ सर्वांनी वाटून घ्यावी, हे तत्त्व त्यात आहे. ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे, याचे सूत्र प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिले. धरणांतील साठ्याचे आकडे जलसंपदा विभाग प्रसिद्ध करतो. ते वर्गात फळ्यावर मांडता येतात. वर्गाचे दोन गट करून कोपरगावच्या मुलांनाच पैठणची बाजू मांडायला लावणे, हा या तासाचा सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत उपयुक्त भाग ठरावा. स्वतःच्या बाजूच्या प्रचारातील युक्ती ओळखता आली, तरच विद्यार्थी खरोखर शिकला असे म्हणता येईल. विरोधकाच्या प्रचारातील खोट कोणालाही दिसते.

शिक्षकापुढची अडचणही येथेच आहे. तालुक्याच्या गावात शिक्षणसंस्था, साखर कारखाने, बाजार समिती आणि राजकारण यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. वर्गात एका पक्षाचे पत्रक वाचले, तर संध्याकाळपर्यंत ती वार्ता गावभर होते. म्हणूनच दोन्ही बाजूंची पत्रके एकाच दिवशी, एकाच कसोटीवर तपासण्याची शिस्त शिक्षकाने पाळली पाहिजे. निष्कर्ष शिक्षकाने सांगू नये. तो विद्यार्थ्यांनी काढावा.

कापलेला शेवट

हे सारे परीक्षेतील गुणांपुरते नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजारच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे भिक्षेकरी होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या सुमारास मोबाइलवरून गावोगाव पोहोचल्या होत्या.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरील दोघे जण रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. मूळ चित्रफितीत शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला आणि उरलेला भाग भारतातील घटना म्हणून पुढे धाडला. एकही खोटे दृश्य त्यात घालावे लागले नाही. 'ध' चा 'मा' करायला अक्षर बदलावेच लागते असे नाही. नुसते गाळले तरी पुरते.

संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने त्याच जुलैत भारतात घालण्याचे जाहीर केले. केरळमधील कन्नूर जिल्हा प्रशासनाने त्याच वर्षी सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले. तंत्रज्ञानाची मर्यादा आणि शाळेचा वर्ग या दोन उपायांपैकी दुसरा संथ असला, तरी तो विद्यार्थ्याबरोबर घरी जातो. अनेक घरांत आलेला संदेश आजी-आजोबांना वाचून दाखवण्याचे काम नातवंडेच करतात.

मत आणि वस्तुस्थिती

प्रत्येक तिखट विधान म्हणजे खोटा प्रचार नव्हे, हेही शिकवले पाहिजे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) ने ही रेषा आखली आहे. एखाद्याच्या धोरणावर कितीही कठोर टीका करता येते. पण उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी, खरे नाही हे ठाऊक असताना, वस्तुस्थिती म्हणून खोटे विधान पसरवणे हा भ्रष्ट आचार ठरतो. याचे गाजलेले उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. कोपरगाव लोकसभा मतदारसंघाचे १९७१ पासून २० वर्षे प्रतिनिधित्व केलेले बाळासाहेब विखे पाटील १९९१ मध्ये अहमदनगरमधून लढले आणि यशवंतराव गडाख यांच्याकडून पराभूत झाले. प्रचारातील विधानांच्या आधारे विखे पाटील यांनी केलेल्या याचिकेवर उच्च न्यायालयाने गडाख यांची निवड रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ती रद्दच ठेवली. व्यासपीठावरचे शब्द हवेत विरून जात नाहीत, हे या खटल्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगणार नाही.

वर्गातून ग्रामसभेकडे

राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या पुस्तकात प्रसारमाध्यमांवर प्रकरण आहे, निवडणूक प्रक्रियेवर आहे आणि लोकशाहीसमोरील आव्हानांवरही आहे. ही प्रकरणे एकमेकांना जोडली जात नाहीत, ही खरी उणीव आहे. ती भरून काढण्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याचा महाराष्ट्रात प्रघात आहे. विद्यार्थ्यांना मत नसले, तरी श्रोते म्हणून बसता येते. विषयपत्रिकेवर काय होते, चर्चा कशाची झाली आणि गावात दुसऱ्या दिवशी काय सांगितले गेले, या तिन्हींची तुलना त्यांनी करावी. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून कोणती पिके घ्यायची ते ठरवण्याची पद्धत रुजवली. आकडे सर्वांसमोर असले, की अफवेला जागा कमी उरते, हे तेथे पाहायला मिळते. आकडे मिळत नसतील, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहावा, हेही शिकवता येईल. त्याचे शुल्क १० रुपये असून उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे.

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला लोकमताची परंपरा नवी नाही. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' येथूनच निघाले. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता आणि तरीही त्याने मराठीत वाद-प्रतिवादाला जागा करून दिली. पुढे मुकुंदराव पाटील यांनी नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून सत्यशोधक विचारांचे 'दीनमित्र' अनेक वर्षे चालवले. दोन्ही पत्रांना स्वतःची बाजू होती आणि ती त्यांनी लपवली नाही. बाजू असणे हा दोष नव्हे, हे त्यांच्याकडून शिकता येते. आपली बाजू कोणती, तिचा पुरावा कोणता आणि त्या पुराव्यातले आपण काय गाळले, एवढे सांगण्याची तयारी असली पाहिजे.

कोपरगावातील एखाद्या वर्गाने राघोबादादांच्या वाड्याला भेट द्यावी, तेव्हा हाच प्रश्न बरोबर न्यावा. तेथे सांगितली जाणारी गोष्ट ऐकून एखाद्या मुलीने 'ती चिठ्ठी कोठे आहे?' असे विचारले, तर तिला उद्धट म्हणून गप्प बसवू नये. पाच वर्षांनी मतदानाच्या रांगेत उभी राहणारी नागरिक तीच आहे.