‘देतांत’चा अपराध

फ्रेंच भाषेने इंग्रजीला जे राजनैतिक शब्द दिले, त्यांत ‘देतांत’इतका दुर्दैवी शब्द क्वचितच आढळेल. 26 मे 1972 रोजी निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी मॉस्कोत अण्वस्त्रमर्यादेच्या करारांवर सह्या केल्या, तेव्हा तो सर्वतोमुखी झाला. चारच वर्षांत, मार्च 1976 मध्ये, अध्यक्ष फोर्ड यांनी हा शब्द आपण यापुढे वापरणार नाही असे जाहीर केले! निवडणूक तोंडावर आली होती आणि स्वपक्षातील रेगन यांनी याच धोरणावर हल्ला चढविला होता. धोरण फारसे बदलले नाही; पदच्युत झाला तो शब्द.

त्याचा अपराध तरी कोणता? मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ ताणलेले सैल करणे. त्यामागील लॅटिन धातू आणि संस्कृत ‘तन्’ एकाच कुळातले; म्हणजे आपल्या ‘ताण’ या शब्दाचा तो दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा. परंतु प्रत्यंचा सैल झाली म्हणून धनुष्य मोडले असे होत नाही. सलोख्यासाठी राजनीतीच्या परिभाषेत ‘आंतांत’ हा निराळा शब्द आहे. 1904 मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांच्यात झाला तो हा सलोखा. ‘देतांत’ त्याच्या पुष्कळच अलीकडे थांबतो. वैर कायम, केवळ ताण कमी. किंबहुना फ्रेंचमध्ये बंदुकीच्या चापालाही ‘देतांत’च म्हणतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ब्रेझनेव्ह यांनी आडपडदा ठेवला नव्हता. देतांतमुळे वर्गसंघर्षाचे नियम रद्द होत नाहीत, असे त्यांनी फेब्रुवारी 1976 च्या पक्ष-अधिवेशनात स्पष्ट सांगितले होते. अनेक अमेरिकनांनी मात्र त्या शब्दात मैत्री वाचली, आणि डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरताच आपण फसविले गेलो अशी त्यांची भावना झाली. मराठीतील ‘तणावशैथिल्य’ हा प्रतिशब्द उच्चारास जड खरा, पण अर्थाने चोख आहे. मैत्रीचे आश्वासन त्यात कोठेही नाही.

आणि तरीही त्या मर्यादित सैलपणाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मॉस्कोत त्या दिवशी सही झालेला क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरील करार पुढे तीस वर्षे टिकला. 2002 मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतले, तेव्हा ज्या सोव्हिएत संघाशी तो झाला होता, तो विसर्जित होऊन दहा वर्षे उलटली होती.