फलाटावरचा एक तास

खून झालेल्या माणसाने स्वतःच आपल्या खुनाविषयी सांगितलेली हकिगत न्यायालयात कितपत टिकते, असा प्रश्न ‘बॉप गन’ या भागावरील विवेचन वाचून एका वकील वाचकाने विचारला आहे. ‘होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट’ याच मालिकेच्या दुसऱ्या एका भागाशी तो इतका निगडित आहे की, जाहीर केलेला विषय पुढील आठवड्यावर ढकलणे इष्ट ठरते. तो भाग म्हणजे 5 डिसेंबर 1997 रोजी एनबीसी वाहिनीवरून प्रसारित झालेला, जेम्स योशिमुरा यांनी लिहिलेला आणि गॅरी फ्लेडर यांनी दिग्दर्शित केलेला ‘सबवे’, अर्थात भुयारी रेल्वे. त्याला पीबॉडी हा प्रतिष्ठेचा पुरस्कार लाभला आणि त्याच्या निर्मितीप्रक्रियेवर पीबीएस या सार्वजनिक वाहिनीने 1998 मध्ये स्वतंत्र माहितीपटही दाखवला. दूरचित्रवाणीवरील रहस्यकथेच्या इतिहासात बळीच्या वाट्याला इतका पूर्ण न्याय क्वचितच आला असेल.

कथेचा गाभा चार ओळींत मावणारा आहे. बाल्टिमोरमधील भुयारी स्थानकात जॉन लँग नावाचा प्रवासी फलाट आणि गाडी यांच्यामधील फटीत सापडतो. त्याचे डोके, छाती आणि हात फलाटाच्या पातळीवर मोकळे आहेत, परंतु कंबरेखालचे शरीर ओले फडके पिळावे तसे पिळले गेले आहे. पाठीचा कणा तुटल्यामुळे त्याला खालच्या भागातील वेदना जाणवत नाहीत, तो शुद्धीवर आहे आणि बोलतो आहे. त्याला जिवंत ठेवणारी गोष्ट नेमकी तीच आहे जिने त्याला मारले आहे: गाडीच्या दाबामुळे तुटलेल्या रक्तवाहिन्या बंद राहिल्या असून, गाडी बाजूला सरकवताच रक्तदाब कोसळून काही क्षणांत मृत्यू येणार, हे बचाव पथकाला पहिल्या पाहणीतच कळते. त्याच्याकडे उरला आहे जेमतेम एक तास. म्हणूनच माणूस जिवंत असतानाच खुनाचा तपास करणाऱ्या पथकाला बोलावणे जाते, आणि डिटेक्टिव्ह फ्रँक पेम्बल्टन फलाटावर येतो तेव्हा ज्याच्या खुनाचा तपास करायचा तो माणूस मान वर करून त्याच्याकडे पाहत असतो.

या एका स्थितीमुळे रहस्यकथेची जुनी घडण मुळापासून हलते. या प्रकारात बळी हा बहुधा पहिल्याच पानावर निपचित पडलेला असतो आणि त्याचे आयुष्य इतरांच्या तोंडून, म्हणजे वारसांच्या, शेजाऱ्यांच्या, कर्जदारांच्या आणि अखेरीस खुन्याच्या तोंडून कळत जाते. तपासाची भाषाही त्याला पूरक असते. आपल्याकडील पंचनाम्यात ‘मयत इसम’ हे दोन शब्द आले की व्यक्तीचे नाव, गाव आणि वय ही तपशिलाच्या रकान्यातील बाब होऊन बसते. ‘होमिसाइड’ने या भाषेचेच दृश्य रूप तयार केले होते: पथकाच्या खोलीतील पांढऱ्या फळ्यावर उघड न झालेल्या खुनातील बळीचे नाव लाल शाईने आणि उलगडलेल्या खुनातील बळीचे नाव काळ्या शाईने लिहिले जाते, आणि अधिकाऱ्याची योग्यता लालाचे काळे किती झाले यावर मोजली जाते. 1993 मधील ‘थ्री मेन अँड अडीना’ या भागात अडीना वॉटसन ही मारली गेलेली बालिका पडद्यावर बोलत नाही, तरी जवळजवळ संपूर्ण भाग तिच्यासाठी चाललेल्या एकाच चौकशीचा आहे. ‘बॉप गन’मध्ये बळीच्या पतीच्या कानी अधिकाऱ्यांचे थट्टामस्करीचे बोलणे पडते आणि फळ्यामागची माणुसकी प्रथमच प्रश्नांकित होते. ‘सबवे’ या दोन्हींच्या पुढे जाऊन फळ्यावर चढण्याआधीचे नाव दाखवतो.

योशिमुरा यांची खरी थोरवी मात्र त्यांनी लँगला कसा माणूस केले यात आहे. बळीविषयी सहानुभूती निर्माण करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याला सद्गुणी ठरवणे, आणि दूरचित्रवाणी मालिका तो मार्ग सर्रास धरतात. फोटोच्या चौकटीत हसणारी आई, उद्या परीक्षेला बसणारा मुलगा, निवृत्तीला दोन दिवस उरलेला शिपाई अशी पात्रे त्याच कारखान्यातून येतात. व्हिन्सेंट डोनोफ्रिओ यांनी साकारलेला लँग मात्र चिडखोर आहे, फटकळ आहे, मदतीला आलेल्यांवर तो डाफरतो आणि पेम्बल्टनच्या प्रश्नांना सरळ उत्तरे देत नाही. त्याचा संताप प्रेक्षकाला सुरुवातीस दूरच लोटतो. पुढे सहानुभूती निर्माण होते ती त्याच्या वागणुकीत सुधारणा झाल्यामुळे नव्हे, त्याच्यासोबत वेळ घालवावा लागल्यामुळे होते, कारण कथेचा आणि लँगच्या उरलेल्या आयुष्याचा काळ जवळजवळ एकच आहे आणि त्यातून उठून जाण्याची सोय पेम्बल्टनला नाही तशी प्रेक्षकालाही नाही. चिडणे, विनोद करणे, भीती वाटणे, पुन्हा चिडणे असे जे चढउतार कोणत्याही माणसाच्या दिवसभरात विखुरलेले असतात, ते इथे तासाभरात दाटून येतात, आणि एखाद्या अनोळखी माणसाला ओळखू लागण्यास याहून अधिक काही लागत नाही, हे या भागाचे सर्वांत मोलाचे म्हणणे आहे.

आता वकील वाचकाच्या प्रश्नाकडे वळता येईल. मरणाच्या दारातील व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी केलेल्या निवेदनास कायद्यात मृत्यूपूर्व जबाब म्हणतात. ऐकीव पुरावा, म्हणजे साक्षीदाराने स्वतः न्यायालयात येऊन न सांगितलेली गोष्ट, सामान्यतः ग्राह्य धरली जात नाही, कारण तिची उलटतपासणी करता येत नाही. मृत्यूपूर्व जबाब हा या नियमाचा जुना आणि महत्त्वाचा अपवाद आहे. मात्र त्याच्या अटी देशोदेशी सारख्या नाहीत. इंग्लंडच्या परंपरेत, आणि तिच्यातून आलेल्या अमेरिकेच्या कायद्यात, आपला मृत्यू आता अटळ आहे अशी जाणीव बोलणाऱ्याला असणे आवश्यक असते, कारण अशा क्षणी माणूस खोटे बोलणार नाही या गृहीतकावर हा अपवाद उभा आहे. भारतात 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 32 ने ही अट ठेवली नाही. 1939 मध्ये पाकला नारायण स्वामी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निवेदन करताना मृत्यूची शक्यता मनात असण्याची गरज नाही हे स्पष्ट केले, आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 26 मध्ये तीच तरतूद कायम राहिली आहे. जबाब देताना व्यक्ती शुद्धीवर आणि सक्षम मनःस्थितीत होती याविषयी न्यायालयाची खात्री पटावी लागते, परंतु डॉक्टरांचा दाखला नसला म्हणून जबाब आपोआप बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2002 मध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात ठरवले.

हा फरक लक्षात घेऊन ‘सबवे’ पुन्हा पाहिला तर पेम्बल्टनची कोंडी एका नव्या बाजूने दिसते. फलाटावरील साक्षीदारांच्या सांगण्यात मेळ नाही, त्यामुळे लँग पाय घसरून पडला की त्याला कोणी ढकलले, हे त्याच्याकडूनच कळणे तपासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आपण वाचणार नाही ही गोष्ट लँगला ताबडतोब समजलेली नसते, ती हळूहळू उमजत जाते; अमेरिकी नियमानुसार त्याच्या जबाबाला वजन येते ते नेमके या उमजण्यामुळे. म्हणजे त्याला धीर देण्यासाठी बोललेला प्रत्येक दिलाशाचा शब्द पुराव्याला दुबळा करतो, आणि पुरावा बळकट करणारे सत्य सांगणे हे त्याच्या शेवटच्या तासावर घातलेला घाव ठरते. माणसाची सेवा आणि कायद्याची सेवा अशा एकमेकींच्या वाटेत क्वचितच येतात. इकडे पेम्बल्टनचा सहकारी डिटेक्टिव्ह टिम बेलिस स्थानकाच्या दुसऱ्या भागात साक्षीदारांची आणि लॅरी बीड्रन या संशयिताची चौकशी करत राहतो, खुन्यापर्यंत पोहोचतोही, परंतु तो धागा लेखकाने मुद्दाम बारीक ठेवला आहे आणि ते योग्यच आहे. ढकलणारा लँगला ओळखतही नव्हता, त्यामुळे कोणी आणि का या प्रश्नांच्या उत्तरातून लँगविषयी काहीच कळत नाही.

कळते ते हातांतून. आंद्रे ब्राऊर यांनी रंगवलेला पेम्बल्टन हा चौकशीच्या खोलीचा सम्राट. संशयिताला शब्दांनी कोंडीत पकडणारा, सहकाऱ्यांपासूनही अंतर राखणारा, देवाशी भांडण असलेला. चौथ्या मालिकावर्षाच्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आलेला आहे, ही गोष्ट नियमित प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि स्वतःचे शरीर आपले म्हणणे ऐकेनासे झाले की काय होते हे या फलाटावर त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसते. फटीत अडकलेला माणूस आणि त्याच्या उंचीवर येण्यासाठी फलाटावर खाली झुकलेला अधिकारी, दोघांचे चेहरे हातभर अंतरावर, आणि लँगचा हात पेम्बल्टनच्या हातात: एरवी मेजाच्या पलीकडून बोलणाऱ्या माणसाला बसायला मेजच उरलेले नाही. पेम्बल्टनचा आवाज इथे जितका खाली येतो तितका मालिकेत अन्यत्र क्वचितच येतो.

योशिमुरा यांना हे बीज मिळाले ते ‘टॅक्सीकॅब कन्फेशन्स’ या एचबीओवरील कार्यक्रमात न्यूयॉर्कच्या एका पोलिसाने सांगितलेल्या अशाच अपघाताच्या हकिगतीतून. चित्रीकरण बाल्टिमोर मेट्रोच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल या स्थानकात झाले, म्हणजे जिथे लँगसाठी कोणीही काही करू शकत नाही तिथून जगातील अग्रगण्य रुग्णालयांपैकी एक पावलांच्या अंतरावर आहे.

लँगची एकच मागणी असते: आपल्या मैत्रिणीला बोलावून आणा. ती या वेळी धावण्याच्या व्यायामासाठी बाहेर पडलेली आहे, तेव्हा मेल्ड्रिक लुईस आणि पॉल फाल्सोन हे दोघे डिटेक्टिव्ह तिच्या शोधात शहरभर फिरतात, आणि त्यांचे आपसांतील बोलणे नेहमीसारखेच हलकेफुलके असते, कारण त्यांनी लँगला पाहिलेले नाही. त्यांच्यासाठी तो अजून फळ्यावरचे नाव आहे. स्थानकात गाडी फलाटापासून दूर ढकलण्यासाठी हवेच्या पिशव्या लावल्या जातात. त्या फुगू लागतात, फट रुंदावते, आणि लुईस व फाल्सोन अजूनही रस्त्यावरच असतात.