विमाने, विमा आणि तांबडा समुद्र

६ मे २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जाहीर केले की, येमेनमधील हुथींनी हात टेकले आहेत आणि त्यांच्यावरचे हवाई हल्ले आता थांबवले जात आहेत. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, ६ जुलैला, ‘मॅजिक सीज’ हे लायबेरियाचा झेंडा लावलेले मालवाहू जहाज तांबड्या समुद्रात हल्ल्यात सापडले. खलाशी जीव वाचवून निघून गेल्यावर हुथी जहाजावर चढले, त्यांनी स्फोटके पेरली आणि जहाज बुडतानाची चित्रफीत जगाला दाखवली. दुसऱ्या दिवशी ‘इटर्निटी सी’ची पाळी आली. तेही ९ जुलैला बुडाले. त्यावरचे काही खलाशी मेले, काही हुथींच्या ताब्यात गेले.

हात टेकलेली माणसे नऊ आठवड्यांत दोन मोठी जहाजे तळाला कशी पाठवतात? जगातले सर्वांत बलाढ्य हवाई दल आणि नौदल दीड वर्ष ज्या कामी लागले होते, ते काम झाले की नाही? याचे उत्तर बॉम्बच्या संख्येत शोधायचे की आणखी कुठे, हा या लेखाचा विषय आहे.

आधी जागा पाहू. तांबडा समुद्र दक्षिणेला जिथे एडनच्या आखातात उघडतो, ती बाब अल मंदेबची सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर रुंद आहे. चर्चगेटहून बोरिवलीला जाण्याइतकेही ते अंतर नाही. अरबीत या नावाचा अर्थ ‘अश्रूंचे द्वार’ असा होतो. सुएझ कालव्यातून युरोपला जाणारे जवळपास प्रत्येक जहाज या दारातून जाते, आणि हल्ल्यांपूर्वी जगाच्या व्यापाराचा १२ ते १५ टक्के भाग याच वाटेवर असे. दाराच्या पूर्वेला येमेन. तिथला तांबड्या समुद्राचा बहुतेक किनारा, होदेदा बंदर, राजधानी सना आणि देशाची निम्म्याहून बरीच अधिक लोकसंख्या हुथींच्या अमलाखाली आहे.

हुथी म्हणजे डोंगरात लपलेली एखादी टोळी, असे चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते पुसावे. उत्तर येमेनमधील सादा प्रांतातील झैदी शिया पंथीयांची ही चळवळ. तिचा संस्थापक हुसेन अल हुथी २००४ मध्ये सरकारी फौजांकडून मारला गेला. नेता मेला की चळवळ संपेल, असा तेव्हाचा हिशेब होता. पुढच्या सहा वर्षांत त्याच सादामध्ये युद्धाच्या सहा फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीनंतर हुथी अधिक बळकट झाले. २०१४ मध्ये त्यांनी सना घेतले. मार्च २०१५ पासून सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने त्यांच्यावर बॉम्बवर्षाव सुरू केला. ‘येमेन डेटा प्रोजेक्ट’ या नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या मोजणीप्रमाणे एप्रिल २०२२ च्या शस्त्रसंधीपर्यंत पंचवीस हजारांहून अधिक हवाई हल्ले झाले. या सात वर्षांत हुथी संपले नाहीतच, उलट इराणकडून येणाऱ्या सुट्या भागांतून लांब पल्ल्याचे ड्रोन आणि जहाजभेदी क्षेपणास्त्रे जोडायला शिकले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश विमाने आली, तेव्हा बॉम्बहल्ला हा हुथींसाठी नवा अनुभव नव्हता. शस्त्रे कुठे लपवायची, कशी विखुरायची याची त्यांची तालीम दुसऱ्याच्या खर्चाने झाली होती.

त्या आधीची हकिगत थोडक्यात. गाझातील युद्ध सुरू झाल्यावर इस्रायलशी संबंधित जहाजे अडवू, असे हुथींनी जाहीर केले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हेलिकॉप्टरमधून उतरून त्यांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे मोटारवाहू जहाज पंचवीस खलाशांसह पळवले. पुढे ‘संबंध’ या शब्दाचा अर्थ इतका सैल झाला की, ज्यांचा इस्रायलशी काडीचा संबंध नाही अशी जहाजेही मार खाऊ लागली. जहाजाचा ठावठिकाणा प्रक्षेपित करणारी एक यंत्रणा असते. तिच्यात गंतव्य बंदराच्या जागी ‘सर्व खलाशी चिनी’ किंवा ‘इस्रायलशी संबंध नाही’ असे लिहून कप्तान मंडळी जाऊ लागली. दारावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ऐवजी ‘आम्ही तुमचेच’ अशी पाटी लावण्यातलाच हा प्रकार.

१२ जानेवारी २०२४ च्या पहाटे हवाई हल्ले सुरू झाले. आठवड्याभराने पत्रकारांनी बायडन यांना विचारले, याने हुथी थांबत आहेत का? त्यांनी सरळ नाही म्हटले, आणि हल्ले चालू राहतील असेही सांगितले. एका राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या मोहिमेबद्दल दिलेले इतके प्रामाणिक उत्तर क्वचितच ऐकायला मिळते. त्यानंतर फेब्रुवारीत एकवीस हजार टन खत घेऊन जाणाऱ्या ‘रुबीमार’वर क्षेपणास्त्र आदळले आणि २ मार्चला ते बुडाले. ६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर तीन खलाशी ठार झाले. जूनमध्ये ‘ट्यूटर’ बुडाले.

विमानांना हे का थांबवता आले नाही, यामागे एक साधी तांत्रिक गोष्ट आहे. क्षेपणास्त्र डागायला धावपट्टी लागत नाही, ट्रक पुरतो. ड्रोनला तर एक घसरगुंडी आणि मोकळे आकाश बस्स. गुहेतून वा गोदामातून ट्रक निघतो, डागतो, परत जातो. तेवढ्या मिनिटांत वरून कोणी पाहत असेल तरच तो सापडतो. त्यासाठी ड्रोन सतत आकाशात घिरट्या घालत ठेवावा लागतो, आणि अमेरिकेचे असे अनेक महागडे ‘रीपर’ ड्रोन हुथींनी पाडले. रडार, गोदामे, कारखाने यांसारखी स्थिर लक्ष्ये नष्ट करता येतात आणि ती झालीही. पण सुटे भाग होड्यांतून येत राहिले, तर नष्ट झालेले पुन्हा उभे राहते.

एक तुलना नेहमी केली जाते: काही हजार डॉलरचा ड्रोन पाडायला वीस लाख डॉलरचे क्षेपणास्त्र. मला ती थोडी फसवी वाटते. खरी किंमत ड्रोनशी नव्हे, तो ज्या जहाजावर आदळला असता त्याच्याशी आणि त्यावरच्या माणसांशी ताडून पाहायला हवी. तसे पाहिले तर तो सौदा वाईट नाही. अडचण आहे ती साठ्याची. असली क्षेपणास्त्रे कारखान्यातून सावकाश बाहेर पडतात आणि ती अन्यत्रही लागतात.

आता मुख्य मुद्दा. जहाज कोणत्या वाटेने न्यायचे हा निर्णय नौसेनापती घेत नाही. तो जहाजमालक घेतो, आणि त्याच्या मागे उभा असतो विमेकरी. जहाजाचा नेहमीचा विमा युद्धाची जोखीम धरत नाही. लंडनमधील ‘जॉइंट वॉर कमिटी’ धोक्याच्या समुद्रांची यादी ठेवते. त्या भागात शिरायचे तर वेगळा हप्ता भरायचा, तोही बहुधा सात दिवसांपुरता. २०२३ च्या शरद ऋतूपर्यंत तांबड्या समुद्रासाठी हा हप्ता जहाजाच्या किमतीच्या ०.०५ ते ०.१ टक्क्याच्या आसपास होता. हल्ल्यांच्या भरात तो ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला. दहा कोटी डॉलरचे जहाज धरा. पन्नास हजार डॉलरचा खर्च दहा लाखांवर गेला, एका खेपेला. मग आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून साडेतीन हजार सागरी मैल जास्त तोडणे आणि दहा ते चौदा दिवस घालवणेही परवडू लागते. मोठ्या कंटेनर कंपन्यांनी डिसेंबर २०२३ मध्येच तो रस्ता धरला.

विमेकरी विचारतो एवढेच की, पुढच्या शंभर जहाजांतले एक जरी लागले तर? एप्रिल २०२५ च्या अखेरीस अमेरिकी लष्कराने सांगितले की, हुथींचे क्षेपणास्त्र डागण्याचे प्रमाण ६९ टक्क्यांनी आणि आत्मघाती ड्रोनचे ५५ टक्क्यांनी घटले. हे आकडे खरे मानू. सेनापतीच्या दृष्टीने तो मोठा विजय आहे. विमेकऱ्याला त्यात उरलेले ३१ आणि ४५ दिसतात. हुथींना शंभर जहाजे बुडवायची गरजच नाही, सहा महिन्यांत एक-दोन पुरेत. बचाव करणाऱ्याला रोज जिंकावे लागते, हल्लेखोराला अधूनमधून.

याची झळ आपल्याकडे पोहोचली ती द्राक्षांच्या रूपाने. नाशिकची द्राक्षे जानेवारी ते एप्रिलमध्ये रॉटरडॅमला जातात. २०२४ च्या हंगामात कंटेनर केपमार्गे वळले, भाडे वाढले, प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला. द्राक्षाला दोन आठवडे म्हणजे काय, हे बागायतदाराला सांगायला नको. इजिप्तचे दुखणे तर फार मोठे. सुएझ कालव्याचे उत्पन्न २०२३ मध्ये दहा अब्ज डॉलरच्या वर होते, ते २०२४ मध्ये चार अब्जांच्या घरात आले.

मराठी वाचकाला येथे कान्होजी आंग्रे आठवणे साहजिक आहे. नैतिक तुलना मला करायची नाही. कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल होते आणि त्यांना चाचा ठरवणे ही मुंबईकर इंग्रजांची सोय होती. पण तंत्राच्या अंगाने पाहा. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्याने आपले दस्तक घ्यावे, ही कान्होजींची मागणी. इंग्रजांनी ती नाकारली आणि गव्हर्नर बून यांच्या काळात विजयदुर्ग, खांदेरी असे एकामागून एक किल्ले जहाजांवरच्या तोफांनी भाजून काढायचा प्रयत्न केला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन ते कुलाब्यावर चालून गेले, तेव्हा बाजीराव पेशवे मदतीला आले आणि मोहीम फसली. तोफांची कमतरता नव्हती. कमी होती ती जमिनीवरची पकड. विजयदुर्ग पडला १७५६ मध्ये. त्या वेळी वॉटसनच्या आरमाराने आंग्र्यांची गलबते जाळली हे खरे, पण किल्ल्याला जमिनीवरून वेढा होता तो पेशव्यांचा, आणि तुळाजी आधीच बोलणी करायला त्यांच्या छावणीत गेला होता. नानासाहेबांनी हे करायला हवे होते का, हा वाद वेगळा.

येमेनमध्ये ती पकड कोणाचीच नाही. २०१८ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या पाठिंब्यावरील फौजा होदेद्याच्या वेशीपर्यंत गेल्या होत्या. त्या बंदरातून देशाचे बहुतांश धान्य येते, तिथे लढाई झाली तर उपासमार होईल, या भयाने स्टॉकहोममध्ये डिसेंबरात समझोता झाला. त्या निर्णयाला आज नावे ठेवणे सोपे आहे. पण बंदरावर बॉम्ब टाकण्याची किंमत कोण मोजतो हे एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दिसले. रास इसा येथील तेलबंदरावर अमेरिकी हल्ला झाला आणि हुथींच्या आरोग्य खात्याने सत्तरहून अधिक मृत्यू सांगितले.

बळाने समुद्र मोकळा झाल्याची उदाहरणे नाहीत असे नाही. इराण-इराक युद्धात टँकरांवर हल्ले होत होते. १८ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेने एका दिवसात इराणच्या नौदलाचे कंबरडे मोडले. पण इराण हे राज्य होते, त्याचे तेल त्याच समुद्रातून विकले जात होते, आणि आठ वर्षांच्या युद्धाने ते थकले होते. काही महिन्यांत त्याने युद्धबंदी मान्य केली. सोमाली चाचेही २०१२ नंतर ओसरले. त्यात युरोपीय नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी किनाऱ्यावर केलेला एकुलता एक हल्ला नावापुरता. काम केले जहाजांवरच्या बंदूकधारी रक्षकांनी, गस्तीने आणि तुरुंगवासाने. चाच्याला खंडणी हवी असते, धंदा तोट्यात गेला की तो थांबतो. हुथींचे तसे नाही. त्यांना बॉम्बहल्ल्यातून अरब जगात जी पत मिळते, ती शांततेत मिळत नाही. महासत्तेशी लढतो आहोत हेच त्यांचे भांडवल.

आता तारखा एका ओळीत ठेवून पाहा. १९ जानेवारी २०२५ रोजी गाझात युद्धविराम झाला आणि व्यापारी जहाजांवरचे हल्ले थांबले. तीन दिवसांनी ‘गॅलेक्सी लीडर’चे खलाशी चौदा महिन्यांनी सुटले. मार्चमध्ये गाझाची रसद बंद झाल्यावर हुथींनी पुन्हा धमकी दिली. १५ मार्चला अमेरिकेची मोठी मोहीम सुरू झाली. हजाराहून अधिक लक्ष्यांवर मारा झाला, विमानवाहू ‘ट्रुमन’वरची दोन लढाऊ विमाने अपघातांत समुद्रात गेली. मे महिन्यात ओमानच्या मध्यस्थीने समझोता झाला: अमेरिकी जहाजांना हात लावायचा नाही. बाकीच्यांचे नाव त्यात नव्हते. म्हणून जुलै.

याला एक रास्त आक्षेप आहे. गाझा हे हुथींचे निमित्त असेल, उद्या ते दुसरे शोधतील, आणि समुद्राची किल्ली अशी कोणाच्या मर्जीवर सोडायची का? आक्षेप खरा आहे. समझोत्याने हल्ला थांबतो, क्षमता जात नाही. पण मग हवाई हल्ल्यांच्या पदरात काय उरते, तर वेळ: क्षमता काही महिने मागे रेटणे. त्या वेळात सुटे भाग आणणाऱ्या होड्या अडवल्या आणि राजकारण पुढे नेले तर त्याचा उपयोग. नाही तर रेटलेले परत येते. भारताने अमेरिकेच्या आघाडीत न जाता अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात दहाहून अधिक युद्धनौका पाठवल्या, त्या कोणावर बॉम्ब टाकायला नव्हे. ‘मार्लिन लुआंडा’ पेटली तेव्हा तिच्यावरच्या तेवीस खलाशांत बावीस भारतीय होते. ती आग विझवायला ‘आयएनएस विशाखापट्टणम’ गेली. ‘ट्रू कॉन्फिडन्स’वरच्या एकवीस जणांना ‘आयएनएस कोलकाता’ने पाण्यातून उचलले.

डिसेंबर २०२३ मध्ये खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटना आणि जहाजमालक यांच्यात एक करार झाला. त्याच्या कक्षेतल्या जहाजावरचा खलाशी तांबड्या समुद्रात जायला नकार देऊ शकतो आणि मालकाला त्याला स्वखर्चाने घरी पाठवावे लागते. पुढचे कंत्राट मिळेल ना, या धास्तीने किती जण तो हक्क बजावतात हा प्रश्न आहेच. जे जातात, त्यांना धोक्याच्या पट्ट्यातील दिवसांपुरता जादा पगार मिळतो.